बंडूच्या नावानं

(डिलाईल रोड, मे १९५६. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गंगूबाईंची खानावळ. दुपारची पंगत उठून गेली आहे. एकच परका माणूस मागे जेवत बसला आहे.)

गंगूबाई : मामा म्हणालात ना त्याचे?

बुधाजी : हो. सख्खा मामा.

गंगूबाई : आणि भाचा हरवलाय.

बुधाजी : जानेवारीपासून पत्ता नाही. गुरुदत्त नाव. उंच, किडकिडीत, चष्मा लावतो. एम.ए. करत होता, गिरगावात खोली घेऊन.

गंगूबाई : आणि मामा भिंतीला पाठ लावून, जिन्याकडे तोंड करून जेवतायत. पायरी वाजली की घास तसाच हातात. भाचा हरवलेला मामा असा बसत नाही हो. त्याला कुठं बसलोय याचंच भान नसतं. पोलिस आहात तुम्ही.

बुधाजी : जरा आमटी वाढता?

गंगूबाई : आहात की नाही?

बुधाजी : आहे. राजापूर ठाण्याचा जमादार. बुधाजी म्हणतात मला.

गंगूबाई : मग खोटं कशाला बोललात?

बुधाजी : खरं बोलून बघितलं, बाई. गिरगावात, दादरला, परळला. पोलिस म्हटलं की दारं लागतात. लालबागला एका म्हातारीनं वरच्या मजल्यावरून मोरीचं पाणी ओतलं अंगावर. हा सदरा धुऊन धुऊन विटला. म्हटलं, आता मामा होऊन बघू.

गंगूबाई : ओतेल नाहीतर काय आरती ओवाळेल? तुमच्या लोकांनी जानेवारीत ह्या रस्त्यावर काय केलं ते बघितलंय तिनं.

बुधाजी : मी तेव्हा राजापुरात एका चोरीच्या म्हशीच्या मागे हिंडत होतो. पण खाकी ती खाकीच. तुमचं चुकत नाही.

गंगूबाई : पानावरून माणूस उठवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून बसलायत तुम्ही. जेवा आणि निघा.

बुधाजी : निघतो. गुडघे जरा सरळ झाले की निघतो. तीस वर्षं झाली या नोकरीत, पण तुमच्या मुंबईच्या जिन्यांनी जेवढं मोडलं तेवढं कोकणातल्या डोंगरांनी नाही मोडलं.

गंगूबाई : कुळीथ घ्या अजून. कुणी पाठवलं तुम्हाला एवढ्या लांब?

बुधाजी : त्याच्या आईनं. म्हणजे कागदावर साहेबानं, पण खरी तिनंच. यशोदाबाई. नवरा शाळेत मास्तर होता, तो गेला. दर बाजाराच्या दिवशी ठाण्यावर येते, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसते. मी मान हलवतो. ती उठून जाते. रडली असती तर बरं झालं असतं हो. रडणाऱ्या बाईला माणूस पाणी देतो, चार शब्द बोलतो आणि सुटतो. ही मला सुटूच देत नाही.

गंगूबाई : मुंबईच्या पोलिसांना विचारायचं.

बुधाजी : विचारलं ना. साहेब म्हणाला, जमादार, इथं आमच्याच डोक्याला ताप कमी आहे का, तुमचा कॉलेजकुमार कुठं शोधू? मग मीच फिरलो. शीवपर्यंतची हॉस्पिटलं झाली. तुरुंग झाले. गुरुदत्त नावाचा माणूस जखमींत नाही, मेलेल्यांत नाही, धरलेल्यांतही नाही.

गंगूबाई : पळाला असेल कुठं. शिकलेली पोरं जातात अशी. उत्तरेला जातात, संन्यास घेतात.

बुधाजी : बहिणीचं लग्न ठरलेलं असताना?

गंगूबाई : बहीण आहे त्याला?

बुधाजी : वासंती. लांज्याचं स्थळ, चांगलं आहे. माघातच बार उडायचा होता. पण आई म्हणते, कानपिळीला भाऊ नको का? नवऱ्यामुलाचा कान पिळायला माझा दत्तू आल्याशिवाय मी मांडव घालायची नाही. घरी दत्तू म्हणतात त्याला. चुलत भाऊ आहेत, पिळतील की, म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. ऐकत नाही. मुलाकडच्यांनी एक तिथी सोडली, दुसरी सोडली. आता ज्येष्ठातली शेवटची. ती हुकली की ते दुसरी मुलगी बघणार, आणि त्यांना बोल लावता यायचा नाही.

गंगूबाई : पोरीचं काय चुकलं त्यात.

बुधाजी : तेच म्हणालो. तर यशोदाबाई म्हणाली, जमादार, त्याला घेऊनच या असं म्हणत नाही मी. आहे की नाही, एवढं घेऊन या. नाही म्हणालात तर मी रडून घेईन आणि पोरीला उजवीन. पण तुम्ही तर दर वेळी नुसती मान हलवता.

गंगूबाई : ताक देऊ?

बुधाजी : द्या. गिरगावात त्याचा एक दोस्त भेटला, श्यामकांत म्हणून. जुन्या मुंबईकरांच्या घरातला, बोलायला मऊ. तो म्हणाला, गुरुदत्त गिरणी कामगारांच्या राहणीवर प्रबंध लिहितोय, म्हणून सारखा डिलाईल रोडला जायचा. आणि तिथं कुणा गंगूबाईंच्या हातचा बांगडा खाल्ल्यापासून अभ्यास जरा जास्तच वाढला होता.

गंगूबाई : अभ्यास! कसला मेला अभ्यास. एका खोलीत किती माणसं झोपतात ते विचारत फिरायचा. आमचे गुणाजी भावजी म्हणाले, मास्तर, विचारतोस कशाला, एक रात्र झोप आणि मोज. झोपला. सकाळी म्हणतो कसा, मोजता आलं नाही, माझ्या पोटावर कुणाचे पाय होते तेच कळत नव्हतं रात्रभर. इतकं हसलोय आम्ही.

बुधाजी : म्हणजे यायचा इथं.

गंगूबाई : यायचा. छप्पन्न येतात, तसा यायचा.

बुधाजी : शेवटचा कधी आला?

गंगूबाई : आता काय ते आठवतंय.

बुधाजी : झालं माझं. ताट कुठं धुवायचं? खाली पानवाला म्हणाला, तुमच्याकडे ज्याचं ताट त्यानं धुवायचं असतं, मग तो साहेब असो की झाडूवाला. गॅलरीत मोरी आहे ना?

गंगूबाई : राहू दे. ठेवा ते तिथंच.

बुधाजी : नियम म्हणजे नियम.

गंगूबाई : ठेवा म्हटलं ना! होता नियम. आता मी गॅलरीत कुणाला पाठवत नाही.

बुधाजी : बरं, ठेवलं. पानवाल्यानं अजून एक सांगितलं. तुमचा मुलगा बंडू. गिरणीत होता, समितीच्या मोर्चात पुढे असायचा. जानेवारीच्या गोळीबारात...

गंगूबाई : हं.

बुधाजी : हुतात्म्याची आई म्हणून चाळीनं तुमचा सत्कार ठेवला, आणि तुम्ही दाराला कडी घालून आत बसलात.

गंगूबाई : मला नाही आवडत असलं. हार घालायचे, फोटो काढायचे.

बुधाजी : हुतात्मा झाला, हुतात्मा झाला म्हणतात सगळे. मी अडाणी माणूस, मला सरळ सांगा. म्हणजे मेला ना तुमचा बंडू?

गंगूबाई : शुभ बोला! जीभ झडेल! भरल्या घरात बसून माझ्या पोराला...

बुधाजी : बोला ना. थांबलात का?

गंगूबाई : ते ताट सरकवा इकडं.

बुधाजी : मेलेल्या पोराबद्दल शुभ ते काय बोलायचं असतं, बाई?

गंगूबाई : हुतात्मा म्हणतात हो. मेला असं माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं आजपर्यंत.

बुधाजी : बसा खाली. ते ताट राहू दे. मी काही कुठं पळत नाही.

गुणाजी : वयनी! काय झाला गो? ओरडलंस कित्याक? पलीकडे रातपाळीची माणसा झोपली हत. हो कोण?

गंगूबाई : जमादार आहेत, भावजी. राजापूरचे. गुरूला शोधत आलेत.

गुणाजी : पोलिसाक घरात घेतलंस? आणि जेवक वाढलंस? ओ जमादार, उठा. हय कोण गुरू नाय आणि बिरू नाय.

बुधाजी : तुम्ही गुणाजी. बंडूचे चुलते. ज्यांनी त्या पोराला झोपून मोज म्हणून सांगितलं ते.

गुणाजी : तू काय्येक बोलू नको, वयनी. एक अक्षर नाय. पाच म्हयने गप ऱ्हवलंस ना? आता आणखी गप ऱ्हव.

गंगूबाई : त्याला बहीण आहे, भावजी. तिचं लग्न अडलंय.

गुणाजी : अडांदे! आपलो बंडू आत गेलो तर तेका कोण सोडवतलो? ती बहीण?

बुधाजी : गुणाजी, एक ऐका. मला गुरुदत्तला शोधायला पाठवलंय. बंडूला शोधायला मला कुणी पाठवलेलं नाही. तो आहे की नाही, असला तर कुठं आहे, हे तुम्ही सांगू नका आणि मला ऐकायचंही नाही. एवढ्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर मी उठतो. नाहीतरी दमलोय.

गुणाजी : पोलिसाचो विश्वास!

गंगूबाई : गॅलरीत गेला होता तो. ताट धुवायला.

गुणाजी : वयनी.

गंगूबाई : सांगू द्या हो मला. खाली पळापळ चालली होती, गोळ्यांचा आवाज येत होता, पण लांब, नाक्यावर. मला वाटलं, लांब आहे. तो जेवला आणि म्हणाला, गंगूबाई, आज राहू दे का ताट? चेष्टेत म्हणाला. मी म्हटलं, एम.ए. झालास तरी ताट धुवायचं चुकायचं नाही. हसत गेला. मी पाठमोरी, चुलीकडे. भांडं पडल्याचा आवाज आला. मी ओरडले सुद्धा त्याच्यावर, सांडलंस काय रे म्हणून.

बुधाजी : सावकाश. पाणी घ्या.

गंगूबाई : भावजींनी आणि चौघांनी खाटेवर घालून नेला. रस्त्यात पुन्हा लाठीवाले. हॉस्पिटलात पोचलो तर वॉर्डच्या दारात अडवलं, नात्याचं माणूस असेल तरच आत. मी म्हटलं, माझा मुलगा आहे. का नाही म्हणायचं? एकटा पडला असता तो आत. त्यांनी विचारलं, मुलाचं नाव? आणि जमादार, मुलाचं नाव विचारल्यावर आईच्या तोंडात दुसरं कुठलं येणार हो? मला एकच मुलगा. बंडू, म्हटलं. लिहून घेतलं त्यांनी. मग लक्षात आलं.

बुधाजी : तेव्हाच का नाही सांगितलंत?

गंगूबाई : बाहेर काढलं असतं मला. म्हटलं, उद्या बोलायला लागला की तोच सांगेल हसत हसत. उद्याची दुपार काही त्यानं बघितली नाही.

गुणाजी : मगे काय करूक होया होता आमी? खरा सांगितला असता तर मढा पोलिसांनी नेला असता, बेवारशी म्हणून. तेवा नातेवाईक रडत उभे ऱ्हवत तरी मढी देय नव्हते. आमच्या पंगतीक बसलेलो पोर तो. बेवारशी जाळूक देतलंव आमी?

बुधाजी : म्हणून बंडूच्या नावानं ताब्यात घेतलंत.

गुणाजी : मी अग्नी दिलंय. चुलतो म्हणून.

बुधाजी : इथवर सगळं समजतं मला. पण पुढं? त्याच्या दोस्ताला गाठता आलं असतं, एक कार्ड टाकता आलं असतं राजापूरला. पाच महिने, बाई. ती तिथं बाकावर येऊन बसत होती.

गंगूबाई : कार्ड टाकणारच होते. दुसऱ्या दिवशी पोलिस आले, बंडूला न्यायला. पोलिसांच्या लॉरीवर दगड मारल्याचं वॉरंट होतं. बंडू तेव्हा परळला लपलेला. मी तोंड उघडायच्या आधीच शेजारची अंबिका रडत पुढे झाली, म्हणाली, मुडद्यांनो, काल जाळला त्याला, आता काय राख नेता? त्यातला एकजण टोपी काढून उभा राहिला. मग गेले सगळे. पुन्हा आले नाहीत.

बुधाजी : मेलेल्यावरचं वॉरंट रद्द होतं.

गंगूबाई : आणि मला बरं वाटलं. एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. गॅलरीत त्याचं ताट अजून तसंच पडलं होतं, सुतक होतं घरात, आणि मला बरं वाटलं हो. माझा सुटला, असं वाटलं. दुसरीच्या पोराच्या मरणावर मी माझं पोर जगवलं. त्यानंतर कार्ड टाकायला हात उचललाच नाही.

बुधाजी : हं.

गंगूबाई : नुसतं हं काय म्हणता? शिव्या द्या. पोलिस आहात ना?

बुधाजी : शिव्या द्यायलाही अंगात जोर लागतो. आणि तुमच्या जागी मी असतो तर मलाही बरंच वाटलं असतं. मला दोन मुलगे आहेत.

गुणाजी : धाव्याचा सांग तेंका, वयनी. सांगतंस हास तर सगळाच सांग.

गंगूबाई : तुम्हीच सांगा. मला नाही होत.

गुणाजी : दादरच्या चौपाटीर पिंड ठेवलो. बंडूच्या नावान. जित्या पोरग्याच्या नावान पिंड ठेवूचो म्हणजे काय, ता तुमका म्हायत आसतला. माझो हात उठा नाय. बायका येवक नाय थय, पण ही इली, कोणाचा आयकाक नाय. आणि कावळो काय शिवाक तयार नाय. सगळ्यांनी सांगान बघितला. आवशीक सांभाळतलंव म्हणून सांगितला. गावचो गणपती चुकवचंव नाय म्हणून सांगितला. एक युनियनवालो म्हणालो, मुंबईसकट महाराष्ट्र घेतल्याशिवाय ऱ्हवचंव नाय. कावळो आपलो दगडार बसान बघता.

बुधाजी : मग?

गंगूबाई : त्याला काय करायचंय बंडूच्या आईचं? मी मनातल्या मनात म्हटलं, गुरू, तुझ्या आईला सांगेन. लगेच शिवला.

बुधाजी : आणि सांगितलं नाहीत.

गंगूबाई : नाही सांगितलं.

गुणाजी : आता तुमी जाऊन सांगा, जमादार. तुमचा काम ता. झाला.

बुधाजी : सांगायला हरकत नाही. पण कसं सांगू? कागदावर मला लिहिता येत नाही. गुरुदत्त मेला असं लिहिलं की कुठं, कधी, कुणी जाळला, हे सगळं लिहावं लागतं. मग मुंबईचा साहेब पान उलटतो आणि म्हणतो, अरे, मग बंडू कोण? दोन दिवसांत तुमच्या दारात लॉरी. तेव्हा कागदावर मी लिहिणार, शोध लागला नाही. साहेब शिव्या घालेल, घालू दे. सवय आहे.

गुणाजी : आणि तेच्या आवशीक तोंडान सांगा.

बुधाजी : माझ्या तोंडानं तिला पटेल? कागदावर नाही, राख नाही, चष्मासुद्धा नाही. जमादार कंटाळला आणि पोरीचं लग्न मार्गी लागावं म्हणून थाप मारतोय, असंच म्हणेल ती. मीही तेच म्हटलं असतं.

गंगूबाई : चष्मा आहे. फुटलाय एका बाजूनं. माझ्या ट्रंकेत आहे.

बुधाजी : तर मग चष्मा घेऊन तुम्हीच चला, बाई.

गुणाजी : खुळे झालास काय! आणि तिणा बोंब मारली तर? माझो पोर मेलो आणि ह्या बायेन आपलो लपयलो म्हणून गावभर सांगत सुटली तर? बंडूक धरून नेतले, आणि हिकापण.

बुधाजी : मारेल बोंब. न मारण्याची हमी मी देऊ शकत नाही. मला ती बाई पाच महिन्यांत नीट कळलेली नाही, खोटं कशाला बोलू?

गुणाजी : आयकलंस, वयनी? उगाच आगीत उडी घेव नको. चष्मो देवन टाक तेंका आणि गप ऱ्हव.

गंगूबाई : तिच्या पोराला आगीत घातलं तेव्हा तिला कुठं विचारलं होतं, भावजी?

गुणाजी : ता वेगळा.

गंगूबाई : काही वेगळं नाही. बंडूला पोटाशी धरून मी बसलेय, आणि तिला पोरगा मेल्याचं रडूसुद्धा दिलं नाही मी. तिला बोंब मारायची असेल तर मारू दे. तिचा हक्क आहे तो. माझं पोर तिच्या हातात देते म्हणा. तिचं माझ्या हातात होतंच की.

गुणाजी : आणि बंडूक काय सांगू?

गंगूबाई : सांगा, आई राजापूरला गेलीय. कशाला, ते त्याला कळेल. आणि पंगतींचं अंबिका बघेल, तिला मी बोलते. जमादार, बोट कधी आहे?

बुधाजी : परवा सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून. पावसामुळं बोटी बंद व्हायच्या आत ही शेवटचीच असेल बहुतेक. मी तिकीट काढून ठेवतो. लुगडं साधं नेसा. आणि तिथं पोचल्यावर मी बोलणार नाही हं. तुम्हाला दारापर्यंत नेईन आणि बाहेर ओट्यावर बसेन.

गंगूबाई : काय सांगायचं असतं हो अशा वेळी? तुम्ही तर पुष्कळांना सांगितलं असेल.

बुधाजी : सुरुवात कशीही केलीत तरी चालते. पहिला शब्द ऐकायच्या आधी त्यांना कळलेलंच असतं. मग जरा वेळानं त्या एकच विचारतात. शेवटी काही बोलला का, म्हणून. त्याचं उत्तर तेवढं तयार ठेवा.

गंगूबाई : बोलला होता.

बुधाजी : काय?

गंगूबाई : पहाटे डोळे मिटलेलेच होते. 'आई' म्हणून हाक मारली.

बुधाजी : मग ते सांगा तिला. तेवढं ऐकायला ती पाच महिने थांबलीय.

गंगूबाई : ते सांगेन हो. पण त्याच्या पुढचं कसं सांगू?

बुधाजी : पुढचं काय?

गंगूबाई : मी ओ दिली.